फरशी खचलेली नाही

वखारीच्या फरशीवर धाकटी पालथी पडली होती. एक डोळा मिटलेला, गाल दगडाला टेकलेला. तिच्या डोक्याशी उभा असलेला मुकादम मनातल्या मनात हळहळत होता. शेहेचाळीस वर्षांची बाई, शिकलेली, चष्म्यावाली, आणि अशी धुळीत लोळतेय. घरी काही बिनसलंय का, हे विचारावं की विचारू नये, अशा पेचात तो पडला.

"बाई, फरशी परवा फोडायचीच आहे," शेवटी तो म्हणाला. "आता तिचं तोंड बघून काय करणार?"

"फोडायची की नाही तेच बघतेय," धाकटी जमिनीवरूनच म्हणाली. "तुम्ही ती पाण्याची बादली आणा."

दोनशे वर्षांची ती वखार धक्क्यावर पाठ रस्त्याला आणि तोंड पाण्याला करून बसली होती. एके काळी होड्यांतून उतरलेला माल इथे थेट आत यायचा. मग होड्या गेल्या, माल गेला, आणि दहा वर्षं दाराला नुसतं कुलूप राहिलं. आता एका मोठ्या कंपनीने ती कचेरीसाठी भाड्याने घेतली होती. जुन्या वखारीत नवी कचेरी बसवायचं काम धाकटीकडे आणि तिच्या थोरल्या भावाकडे आलं होतं. बापाच्या नावाच्या पाटीखाली दोघं इमारतींचे नकाशे करत. लोक त्यांना थोरला आणि धाकटी म्हणूनच ओळखत, खऱ्या नावांची गरज कुणाला पडली नव्हती.

अडचण एकच होती. रस्त्याकडच्या भिंतीपासून पाण्याकडच्या दारापर्यंत वखारीची फरशी वीतभर उतरत गेली होती. वखार पाण्याकडे खचलीय, हे धक्क्यावरचं शेंबडं पोरही सांगायचं. तीस वर्षांपूर्वी काढलेल्या नकाशावर तसे स्वच्छ शब्दच होते, 'फरशी खचलेली'. जुनी, धडधाकट फरशी फोडायला बंदराची कचेरी कधीच परवानगी देत नाही. पण खचलेली म्हटल्यावर दिली. शनिवारी सकाळी दगड फोडायचे, सिमेंटचा जाड थर ओतायचा आणि सगळं एका पातळीत आणायचं, असं ठरलं होतं. आणि आज गुरुवार होता.

तो तीस वर्षांपूर्वीचा नकाशा धाकटीच्या बाबांनी काढला होता.

मुकादमाने बादली आणली. धाकटी उठून रस्त्याकडच्या भिंतीशी गेली आणि अर्धी बादली तिने फरशीवर ओतली. पाणी निघालं. दोन दगडांमधल्या खाचेतून ते नाकासमोर चालणाऱ्या माणसासारखं निघालं, ना डावीकडे, ना उजवीकडे. अख्खी वखार ओलांडून ते पाण्याकडच्या भिंतीच्या पायथ्याशी पोचलं आणि तिथे तटलं.

मुकादम डोकं खाजवत उभा राहिला. "खचलेल्या फरशीवर पाणी असं जात नाही, बाई. डबकी करतं. इथे एक, तिथे एक. मी जन्मभर फरश्याच फोडल्यात."

"छिन्नी द्या."

पाणी तटलं होतं तिथला गिलावा तिने चार ठोक्यांत उडवला. मागे मोरी निघाली. मुठीएवढी, दगडातच घडवलेली, कडा गुळगुळीत. तटलेलं पाणी गुळगुळ आवाज करत बाहेर निघून गेलं. पलीकडे, खाली, समुद्राला मिळालं असणार. मुकादमाने वाकून मोरीत बोट घातलं आणि ते पँटला पुसलं.

एवढ्यावर थांबेल तर ती धाकटी कसली? वखारीत चोवीस लाकडी खांब होते. मालाच्या गोण्या घासून खराब होऊ नयेत म्हणून कुणीतरी कधी काळी ते कमरेपर्यंत फळ्यांनी मढवून टाकले होते. कालच तिने दोन टोकांच्या दोन खांबांच्या फळ्या काढून घेतल्या होत्या. प्रत्येक खांब दगडाच्या तळखड्यावर उभा होता. रस्त्याकडचा तळखडा फरशीच्या वर चार बोटं दिसत होता. पाण्याकडचा एक वीत आणि वर चार बोटं. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली नळी तिने दोन्ही तळखड्यांच्या माथ्यांना लावली होती, आणि दोन्ही माथी एका पातळीत आली होती. वखार खचली असती तर खांबही तिच्याबरोबर गेले असते. खांब सरळ होते. वरच्या तुळया सरळ होत्या. उतरती होती ती फक्त फरशी, आणि ती बांधणाऱ्यांनी मुद्दाम उतरती बसवली होती. उधाणाच्या भरतीला पाणी आत शिरणारच, हे ते जाणून होते. आलेलं पाणी आपल्या पायांनी परत जावं, एवढी सोय त्यांनी करून ठेवली होती.

"आणि आपण ही फोडून सिमेंट ओतलं तर?" मुकादमाने विचारलं.

"पाणी तरीही येणार. बाहेर जायला वाट नसली की भिंतीत चढणार, खांबांचे पाय कुजवणार. दोनशे वर्षं टिकलीय ती वीस वर्षांत बसेल. तेव्हा ती खरंच खचेल."

मुकादमाने वखारीवरून एकदा नजर फिरवली. "शनिवारी मला कोण काय सांगणार, ते आधी ठरवा बाई. मला फोडायला बोलावलंय. फोडू नका म्हणायला कुणीतरी पाहिजे की."

ते कुणीतरी कोण, हे धाकटीला माहीत होतं. पण आधी थोरल्याला सांगायला ती आपल्या कचेरीकडे निघाली.

त्यांच्या घरात एक नियम होता, आणि तो जेवणाखाण्याच्या वेळांपेक्षा कडक होता. जे स्वतः मोजलं ते शाईने काढायचं. जे अंदाजाने ठरवलं ते पेन्सिलने. धाकटी आठ वर्षांची असताना तिने समोरच्या शाळेचं चित्र काढलं होतं, खिडक्या शाईने. बाबांनी विचारलं, "मोजल्यास?" ती म्हणाली, "साधारण." भर उन्हात त्यांनी तिला परत पाठवलं. खिडक्या तेरा होत्या, तिने बारा काढल्या होत्या. रडत रडत तिने पूर्ण चित्र पुन्हा काढलं. लोक बाबांना शाईवाले म्हणत, आणि ते थट्टेने नव्हे. शाईवाल्यांची रेघ म्हणजे डोळे मिटून भरवसा ठेवावा अशी रेघ. कंपनीच्या इंजिनियरनेही तो ठेवला होता. त्याने वखारीत पाऊल न टाकता 'जुन्या नकाशानुसार' असं लिहून आपलं काम उरकलं होतं.

'फरशी खचलेली' हे शब्द शाईत होते.

थोरल्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. तो कचेरीतल्या लांब टेबलाशी बसला होता. त्रेपन्नाव्या वर्षी त्याच्या चेहऱ्यावर कायमची एक दमणूक मुक्कामाला आली होती.

"तू म्हणतेस ते बरोबर असेल," तो म्हणाला.

"असेल नाही. आहे."

"बरं, आहे. पण परवानगी बाबांच्या नकाशावर मिळालीय. तो नकाशा चुकीचा आहे असं जाऊन सांगायचं? चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत ते. त्यांच्याकडे आता दुसरं काय उरलंय?"

"मी काल लाकडी फरशी कागदावर काढून दिली होती ना. दगडाच्या वर, बुटक्या पायांवर, एकदम सपाट. खालून पाणी येऊ दे, जाऊ दे. कंपनीच्या खुर्च्या वर खुशाल फिरू देत."

"ती मी दाखवली सपाटसाहेबांना."

सपाटसाहेब म्हणजे कंपनीचा माणूस. पहिल्याच दिवशी हवेत तळहात आडवा फिरवून तो म्हणाला होता, "एकदम सपाट पाहिजे. आमच्या खुर्च्यांना चाकं असतात." त्याच संध्याकाळी बहीणभावांनी त्याचं बारसं उरकून टाकलं होतं.

"काय म्हणाला?"

"ऑफिसाच्या पोटाखाली समुद्र येणार, हे मी वरच्यांना कुठल्या तोंडाने सांगू, म्हणाला. काम दुसऱ्याला देईन म्हणाला."

"देऊ दे."

"सोपं आहे ना बोलायला!" थोरल्याने टेबलावर हात आपटला. "तुला सही करायची नाही तर नको करू. माझी एकट्याची चालते. काम शनिवारी सुरू होणार."

"आणि मी बंदराच्या कचेरीत तक्रार केली तर?"

"कर की. तुझा कागद कुणी वाचेपर्यंत आपल्या दोघांचे केस पिकतील."

ते खरं होतं. परवानगी तत्काळ थांबवू शकेल असा एकच माणूस होता. ज्याने नकाशा काढला, त्याने आपल्या हाताने तो शब्द खोडला तरच. धाकटीने पिशवी खांद्याला अडकवली.

"कुठे निघालीस?"

"बाबांकडे."

"अगं, त्यांच्या जिवाला लागेल!"

"लागू दे," ती म्हणाली. ती जिना उतरू लागली.

बाबा खिडकीशी बसून पेन्सिलींना टोकं काढत होते. हात थरथरू लागल्यापासून त्यांनी नकाशे सोडले होते. शाईला तर पाच वर्षांत बोट लावलं नव्हतं. पण रोज संध्याकाळी सहा पेन्सिली तासून ते ओळीने मांडून ठेवत, उद्या कामावर जायचं असल्यासारख्या. धाकटीने त्यांच्यासमोर जुना नकाशा पसरला. गोडगोड बोलून सुरुवात करावी असं तिने वाटेत ठरवलं होतं. ते काही तिला जमलं नाही.

"बाबा, हे तुम्ही मोजलं होतं?"

बाबांनी चष्मा लावला. शब्दावर बोट ठेवलं. "शाईत आहे ना?"

"आहे. म्हणूनच विचारतेय."

"फरशीची पातळी घेतली होती. मधल्या वाटेने, या दारापासून त्या दारापर्यंत. वीतभर फरक."

"आणि तळखडे?"

बाबांनी कागदावरचं बोट उचललं. रस्त्यावरून एक गाडी गेली, खिडकीची काच थरथरली.

"वखार तुळईपर्यंत भरलेली होती," ते म्हणाले. "गोण्याच गोण्या. मधे एक माणूस जाईल एवढी वाट. खांब कुठे दिसत होते?"

"म्हणजे नव्हतं मोजलं."

"फरशी उतरती होती. दिसत होतं."

"मग पेन्सिलने का नाही लिहिलंत?"

असं बाबांशी या घरात कुणी बोललं नव्हतं. आई होती तेव्हा तीही नाही. बाबांचे कान लाल झाले. हातातली पेन्सिल त्यांनी ओळीत नीट ठेवली.

"मला शिकवायला आलीस?"

"नाही. तुम्ही शिकवलंत तेच विचारतेय. परवा ती फरशी फोडणारेत, बाबा. तुमच्या एका शब्दावर."

"ऊठ," बाबा म्हणाले. "जा तू."

ती उठली. दारात पोचल्यावर मागे वळून माफी मागावी असं तिला फार वाटलं. आपण एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरात उघडं पाडलं, असं तिला वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण तिने माफी मागितली नाही. "नकाशा तुमच्याजवळ ठेवा," एवढंच म्हणाली आणि गेली.

शुक्रवारी बाबांकडून निरोप आला नाही. थोरला तिच्याशी अवाक्षर बोलला नाही.

शनिवारी सकाळी आठ वाजता मुकादम आपली सहा माणसं आणि घण घेऊन आला, तेव्हा वखारीच्या दारात एक लोखंडी खुर्ची होती आणि खुर्चीवर धाकटी. मांडीवर डबा, पायाशी पाण्याची बाटली. दिवसभराची तयारी दिसत होती. माणसं एकमेकांकडे बघून हसली. मुकादमाने मात्र घण खाली टेकवला आणि सावली बघून बसकण मारली. त्याला घाई नव्हती.

घाई होती ती सपाटसाहेबांना. ते थोरल्याच्या गाडीतून उतरले आणि खुर्ची बघून जागीच थबकले.

"हे काय आहे?"

"माझी बहीण," थोरला म्हणाला. खोटं काही सांगायला त्याला सुचलंच नाही.

"मॅडम, बाजूला व्हा."

"नाही होणार."

"तुमच्याच भावाची सही आहे."

"त्याची आहे, माझी नाही. मला उचलून बाजूला करायचं असेल तर करा. पण मी वजनदार आहे, आधीच सांगते."

एक कामगार फिस्सकन हसला. सपाटसाहेबांनी थोरल्याकडे पाहिलं, थोरल्याने मुकादमाकडे, आणि मुकादम आभाळाकडे बघू लागला. "धाकटे, पुरे आता," थोरला हलक्या आवाजात म्हणाला. "हसं होतंय."

"होऊ दे. दादा, तू एकदा आत ये. एकदाच त्या तळखड्याला हात लाव. मग म्हण फोडा, मी उठते."

थोरला हलला नाही. तिला आधी वाटलं त्याला राग आलाय. मग तिच्या लक्षात आलं की तो घाबरलाय. आत जाऊन हात लावला की त्याला कळणार होतं, आणि एकदा कळलं की त्याची सुटका नव्हती. जन्मभर तिने त्याला समजूतदार म्हटलं होतं. आज पहिल्यांदाच तिला त्याची चीड आली.

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर टॅक्सी थांबली आणि त्यातून बाबा उतरले. इस्त्रीचा शर्ट, पायांत कामावरचे जुने बूट, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात धाकटीने लहानपणापासून पाहिलेली कातडी पिशवी. थोरला धावला. बाबांनी काठीनेच त्याला बाजूला केलं. धाकटीसमोर येऊन ते थांबले.

"खुर्ची मला दे," ते म्हणाले. "तू आत चल. नळीचं एक टोक धर."

एका खांबावर त्यांचं समाधान झालं नाही. दोनवर नाही, चारवरही नाही. "सगळे," ते म्हणाले. मुकादमाच्या माणसांनी फळ्या उपटायला सुरुवात केली. फोडायला आलेली माणसं भराभर खांब मोकळे करू लागली, आणि त्यांना त्यात मजाही वाटू लागली. बाबा खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते. धाकटी नळीचं टोक तळखड्यावर टेकवायची, आकडा ओरडून सांगायची. दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. बाबांनी न बघताच हाक मारली, "थोरल्या!" आणि त्रेपन्न वर्षांचा थोरला बूट काढून, पँट वर करून आत आला. सहाव्या खांबाशी त्याने तळखड्यावर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ उचललाच नाही.

बाबांनी प्रत्येक तळखड्याजवळ ओळंबा सोडायला लावून खांब सरळ आहे का तेही पाहिलं. बादलीभर पाणी ओतायला लावलं. पाणी नीट चालत जाऊन मोरीतून बाहेर पडलं. दोन तास गेले. सपाटसाहेबांनी चार फोन केले आणि पाचव्यावर उगाच आवाज चढवला. कुणी लक्ष दिलं नाही.

"किती झाले?" बाबांनी विचारलं.

"चोवीस," धाकटी म्हणाली.

"मोजलेस?"

"दोनदा."

बाबांनी पाण्याकडच्या दारातून बाहेर पाहिलं. "त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नकाशा द्यायचा होता," ते कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाले. "गोण्या हलवायला वखारवाला तयार नव्हता. अर्धा नकाशा पेन्सिलीत नेला असता तर लोक काय म्हणाले असते? शाईवाल्यांना मोजता आलं नाही. म्हणून लिहिलं."

त्यांनी पिशवीतून तो नकाशा काढला आणि मांडीवर पसरला. मग शर्टाच्या खिशातून तासलेली पेन्सिल काढली.

"पेन्सिल नाही, बाबा," धाकटी म्हणाली. तिने आपलं शाईचं पेन उघडून पुढे धरलं. "शाई."

"अगं, हात थरथरतात त्यांचे!" थोरला म्हणाला.

"थरथरू देत. मोजलंय त्यांनी."

बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. शाळेच्या खिडक्या पुन्हा मोजायला पाठवलं होतं त्या दिवशी पाहिलं होतं तसंच. मग पेन्सिल खिशात ठेवून त्यांनी पेन घेतलं. 'खचलेली' वर रेघ मारली. ती वाकडी आली, मधे थरकली, आणि शेवटपर्यंत गेली. खाली त्यांनी एकेक अक्षर दाबून लिहिलं, 'सर्व खांब मोजले. फरशी खचलेली नाही. आधीची चूक माझी.' सही केली, तारीख घातली. पेन थोरल्यापुढे धरलं. थोरल्याने ओल्या पायांनी पुढे येऊन त्याखाली सही केली, आणि त्याच्याखाली धाकटीने.

मुकादमाने माणसांना खूण केली. घण पुन्हा टेम्पोत चढू लागले.

"म्हणजे आता परवानगी..." सपाटसाहेब हात पुढे करून नकाशा घ्यायला वाकले. "आमच्या वरच्यांना मी हे..."

"थांबा," बाबा म्हणाले आणि कागद त्यांच्या हातापासून दूर धरला. "शाई वाळू दे."